परगावी राहणाऱ्यांची संध्याकाळ: श्रीवर्धनमधलं न दिसणारं गिऱ्हाईक



श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातून आम्हाला येणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "सर, शनिवार-रविवार धंदा होतो, मधल्या दिवसांचं काय?" शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या माणगाव, म्हसळा करत उतरतात. रविवारी दुपारचं मासे-भाकरीचं जेवण झालं की त्याच गाड्या परत फिरतात. सोमवारी चादरी धुवायच्या, मंगळवारी खोल्या झाडायच्या आणि मग शुक्रवारपर्यंत फोनकडे बघत बसायचं. पाऊस लागला की तेही नाही. जून ते सप्टेंबर चार महिने खर्च चालू, गल्ला बंद.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, पण नवी पोफळ लावली की हाताला सुपारी लागायला पाच-सात वर्षं जातात. ज्या घराची वाडी गेली, त्या घराला पर्यटकाच्या दोन खोल्या हाच काय तो रोकड पैसा. आणि तो पैसा आठवड्यातून दोन दिवस येतो.

यावर सगळे एकच उपाय सांगतात: जाहिरात वाढवा, रील टाका, दर कमी करा. जरूर करा. पण मी तुम्हाला दुसरं काहीतरी विचारणार आहे. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुमच्या गावात असा कोण माणूस आहे, ज्याच्याकडे पैसे आहेत, वेळ आहे आणि करायला काही नाही?

सापडतो का बघा. श्रीवर्धन हे २०११ च्या जनगणनेत साधारण पंधरा हजार वस्तीचं गाव, पण तालुक्याचं ठिकाण. म्हणजे तहसील, प्रांत कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणं, उपजिल्हा रुग्णालय, एसटी डेपो, बँकांच्या शाखा, शाळा-कॉलेज. या सगळ्या ठिकाणी बाहेरगावाहून बदलीवर आलेली माणसं आहेत. कुणी लातूरचं, कुणी अमरावतीचं, बँकेत तर कुणी थेट बिहार-आंध्रमधून आलेलं. घरचे तिकडे, हा इकडे भाड्याच्या खोलीत. ऑफिस सुटलं की डबा, मोबाईल आणि झोप. पहिल्या महिन्यात समुद्र बघून होतो. दुसऱ्या महिन्यापासून समुद्राचाही कंटाळा येतो, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारा.

त्यात आणखी दोन प्रकारची माणसं मिळवा. एक, गल्फमधून रजेवर किंवा कायमची परत आलेली. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस तिकडे आहे. वीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला स्वतःच्या गावातही सुरुवातीला परकंच वाटतं, कारण बरोबरीचे मित्र मुंबईला गेलेले असतात. दुसरी, नोकरी संपवून मुंबईहून मूळ घरी राहायला आलेली जोडपी. या सगळ्यांना आपण 'गिऱ्हाईक' म्हणून बघतच नाही, कारण ते गाडीतून उतरत नाहीत, बॅग ओढत येत नाहीत.

परक्या गावातला रिकामा वेळ हा किती मोठा धंदा होऊ शकतो हे समजून घ्यायला जरा लांब जाऊ. आग्नेय आशियातल्या शहरांत, क्वालालंपूर आणि सिंगापूरला.

क्वालालंपूरचा सोमवार

१९३८ साल. मलाया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. क्वालालंपूरमध्ये नोकरीनिमित्त राहणारे काही इंग्रज होते. घरापासून हजारो मैल लांब, काम संपलं की करायचं काय हाच प्रश्न. त्यांच्यातल्या गिस्पर्ट नावाच्या एका अकाउंटंटने आणि त्याच्या मित्रांनी एक खेळ सुरू केला. एकाने 'ससा' व्हायचं आणि आधी जाऊन रानातून, रबराच्या मळ्यांतून कागदाचे तुकडे टाकत वाट आखायची. बाकीच्यांनी 'शिकारी कुत्रे' होऊन ती वाट शोधत पळायचं. शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून खायचं-प्यायचं. ही मंडळी जेवायला जात त्या सेलांगोर क्लबच्या भोजनगृहाला तिथल्या कंटाळवाण्या जेवणामुळे 'हॅश हाऊस' असं टोपणनाव पडलं होतं. तेच नाव यांनी आपल्या टोळीला घेतलं: हॅश हाऊस हॅरिअर्स.

युद्धात खंड पडला. गिस्पर्ट स्वतः १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. पण टोळी पुन्हा उभी राहिली, १९६२ मध्ये सिंगापूरला दुसरी शाखा निघाली आणि आज जगभरातल्या शहरांत अशा टोळ्या आहेत. जिथे परदेशी नोकरदार, तिथे बहुधा एक हॅश. क्वालालंपूरची मूळ टोळी अजूनही सोमवारी पळते.

आता धंद्याच्या नजरेने बघा. यात मैदान नाही, नेट नाही, कोच नाही, मशिन नाही. भांडवल म्हणजे कागदाचे तुकडे, पुढे पुढे पीठ. मग लोक वर्षानुवर्षं का येतात? मला यातली एक युक्ती फार आवडते. वाट आखणारा मुद्दाम खोट्या वाटा ठेवतो. जोरात पळणारा आधी पुढे जातो, खोट्या वाटेला लागतो, परत फिरतो. तोवर मागून चालत येणारा पोटाळू गडी त्याला गाठतो. त्यामुळे वेगवान आणि हळू, तरुण आणि साठीचा, सगळे जवळपास एकत्र पोचतात. कुणी जिंकत नाही. नव्याने आलेल्या माणसाला "मला जमणार नाही" असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

आपल्याकडे छंदवर्ग काढतात तो बरोबर याच्या उलटा. बॅडमिंटन म्हटलं की चांगले खेळणारे चार जण कोर्ट अडवतात, नवा माणूस बाकावर बसून घरी जातो आणि परत येत नाही.

सिंगापूरचा रविवार

परदेशी नोकरदार म्हटलं की आपल्याला मोठ्या पगाराचा साहेब दिसतो. सिंगापूरच्या पदांग मैदानावरचा सिंगापूर क्रिकेट क्लब १८५२ चा. तो अशाच साहेबांचा. पण त्या शहरात लाखो कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायकाही बाहेरच्या देशांतून आलेल्या आहेत आणि त्यांच्या सुट्टीवर चालणारा धंदा जास्त शिकण्यासारखा आहे.

ऑर्चर्ड रोड हा तिथला महागडा रस्ता. त्यावर लकी प्लाझा नावाची जुनी इमारत आहे. रविवारी ती फिलिपिनो बायकांनी फुलून जाते. घरी पैसे पाठवायची काउंटर, घरी खोके पाठवणारे कुरिअरवाले, गावाकडच्या चवीचं जेवण, केस कापायची दुकानं, फोनची रिचार्ज. आठवडाभर दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला एक दिवस आपल्या भाषेत बोलायला मिळतं, त्यासाठी ती येते आणि आली की खर्च करते. २०१३ पासून तिथे घरकामगारांना आठवड्याची सुट्टी किंवा तिचा मोबदला देणं कायद्याने बंधनकारक झालं. म्हणजे हा 'रविवार' काही आपोआप मिळालेला नाही. बर्मी लोकांची अशीच जागा पेनिन्सुला प्लाझा, आणि दक्षिण भारतीय व बांगलादेशी कामगारांची लिटल इंडिया.

लिटल इंडियाचा एक प्रसंग गर्दी जमवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ८ डिसेंबर २०१३ च्या रविवारी तिथे बसखाली सापडून एका भारतीय कामगाराचा मृत्यू झाला आणि दंगल उसळली. त्यानंतर त्या भागात दारूविक्रीवर आणि उघड्यावर पिण्यावर कडक बंधनं आली. इंग्रजांच्या हॅशला बिअर चालत होती, तुमच्याकडे चालणार नाही. पहिल्या दिवसापासून पाटी लावा: दारू नाही, पैसे लावून पत्ते नाहीत. एकदा पोलीस ठाण्यात तुमचं नाव गेलं की जे साहेब तुमचे सदस्य होणार होते तेच आधी पाठ फिरवतील.

आणि आपली मराठी माणसं तिथे काय करतात? सिंगापूरला महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती आहेच, पण त्यांचं 'ऋतुगंध' नावाचं नियतकालिक आहे, 'शब्दगंध' नावाने कवितांची बैठक भरते. आयटीत काम करणारा माणूस महिनाभर डोक्यात ओळी घोळवतो, कारण ठरलेल्या दिवशी ऐकायला चार जण येणार आहेत. पुण्यात असता तर कदाचित त्याने लिहिलंही नसतं. गल्फमधली आपल्या किनाऱ्यावरची पोरं सुट्टीच्या सकाळी मोकळ्या मैदानात टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात, तेही त्यातलंच.

या सगळ्यांत सारखं काय आहे ते बघा. वार ठरलेला, वेळ ठरलेली, जागा ठरलेली. शेवटी एकत्र खाणं. आणि एकटा आलेला माणूस एकटा बसत नाही. छंद कुठला, हे दुय्यम आहे.

आता श्रीवर्धनला परत

तुमच्याकडे काय आहे? मोठं अंगण, आठवड्यात पाच दिवस रिकामा असलेला जेवणाचा हॉल, चूल आणि गावाची माहिती. एवढं पुरे.

सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात हमखास वाटणारी गोष्ट सांगतो: मासे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला माणूस इथे बदलून येतो, समोर ताजे बांगडे, मांदेली, बोंबील, तिसऱ्या, आणि त्याला यातलं काही घेता येत नाही. कोळणीशी भाव कसा करायचा माहीत नाही, कल्ले उघडून लालसर आहेत का, डोळे चकचकीत आहेत का हे बघायचं असतं हे माहीत नाही, आणलाच तर साफ कसा करायचा माहीत नाही. तुमच्या घरातली आई, काकू, वहिनी हे डोळे मिटून करते. शनिवारी सकाळी सहा जणांना बाजारात न्यायचं, घ्यायला शिकवायचं, घरी आणून साफ करायला आणि कालवण करायला शिकवायचं, तिथेच जेवायचं.

हिशेब मांडू. समजा माणशी ३५० रुपये. सहा जणांचे २१००. मासे, तांदूळ, नारळ, गॅस असा खर्च ९०० धरा. हातात १२००. महिन्याचे चार शनिवार म्हणजे ४८००. शनिवारी पर्यटकांची गडबड असेल तर रविवारी संध्याकाळी करा. यातला निम्मा वाटा वहिनींच्या हातात द्यायचा, हे मी मुद्दाम लिहितोय. शिकवणार त्या, घाम त्यांचा, आणि पैसे मोजणार दादा, असं बऱ्याच घरांत चालतं. ते बंद करा.

जून-जुलैत मासेमारीबंदी असते. तेव्हा सुकी मासळी, वालाचं बिरडं, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. भाकरी थापायला शिकायला तर बँकेतले अविवाहित पोरगेही येतील.

दुसरी गोष्ट आठवड्याची संध्याकाळ. एक ठरलेला वार. हॉलमध्ये दोन कॅरम, एक बुद्धिबळ, असलीच तर पेटी-तबला. बॅडमिंटनच्या मागे लागू नका. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर शटल टिकत नाही आणि बंद कोर्ट बांधायचं तर लाखांचा खेळ आहे. बॉक्स क्रिकेटच्या टर्फचंही तेच. सध्या जो तो कर्ज काढून टर्फ टाकतोय. पंधरा हजारांच्या गावात रोज किती तास ती भरणार हे कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. कॅरमला वीज गेली तरी कंदील पुरतो. जोड्या मात्र चिठ्ठ्या टाकून लावा. दर डावाला जोडी बदलली की चांगला खेळणारा आणि नवशिका एकत्र येतात. क्वालालंपूरच्या खोट्या वाटांचं काम इथे चिठ्ठी करते.

वीस जणांनी महिन्याला ३०० रुपये दिले तर ६००० होतात. चार संध्याकाळींच्या चहा-भज्यांना आणि विजेला दोन हजार गेले तरी चार उरतात. यावर घर चालणार नाही, हे उघड आहे. पण हे वीस जण बाकीचे दिवस जेवतात कुठे? त्यांना महिन्याचा डबा लागतो. दिवाळीत गावी जाताना रोठा सुपारी, कोकम, पापड न्यायचे असतात. त्यांचे आई-वडील, मेहुणे, कॉलेजचे मित्र श्रीवर्धन बघायला येतात आणि भाड्याच्या एका खोलीत मावत नाहीत. ते कुठे उतरणार? तुमच्याकडे, आणि बऱ्याचदा आठवड्याच्या मधल्या दिवशी, कारण ते पर्यटक नाहीत, पाहुणे आहेत. सहा हजारांच्या वर्गणीमागे खरा पैसा हा आहे. लकी प्लाझात तरी वेगळं काय चालतं?

पावसाळा सोडून महिन्यातून एकदा फेरी काढा. किनारा तीनेक किलोमीटरचा आहे, आणि गावात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून गेलेल्या पाखाड्या आहेत. जीवनेश्वर, लक्ष्मीनारायण, सोमजाई ही देवळं आहेत. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळ याच गावचे, हे इथे तीन वर्षं काढून गेलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं. पिठाच्या खुणांनी वाट आखा, दोन-चार खोट्या खुणा ठेवा, शेवट तुमच्या अंगणात. वाडीतून जायचं असेल तर आधी मालकाला विचारा. पाण्यात उतरवायच्या भानगडीत पडू नका. पोहणं शिकवणं, बोटीतून नेणं याला परवानगी, सुरक्षेचं साहित्य, विमा सगळं लागतं, आणि एक अपघात म्हणजे सगळं संपलं. किनाऱ्यावर कायमचं शेड वगैरेही नको, तिथे सीआरझेडचे नियम आहेत.

बायकांचा विचार वेगळा आणि आधी करा. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या मुली एकट्या बदलून येतात. गाव छोटं, सगळे बघतात, संध्याकाळी कुठे जायचं हा त्यांचा प्रश्न पुरुषांपेक्षा अवघड. क्वालालंपूरचा तो मूळ क्लब पुरुषांपुरता होता. त्याची नक्कल या बाबतीत करायची नाही. घरातली बाई यजमान असेल, वेळ पाच ते साडेसहा असेल आणि दार उघडं असेल तर त्या येतील, आणि एक आली की तिघींना घेऊन येईल.

हे सुरू कधी करायचं?

सगळे सांगतील ऑक्टोबरात, सीझनला. मी सांगतो जूनमध्ये.

महाराष्ट्रात सरकारी बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. त्यात एका जागी साधारण तीन वर्षांची मुदत आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यात, अशी रचना आहे. शाळाही जूनमध्येच उघडतात. म्हणजे तुमचा पर्यटक जातो नेमका त्याच पंधरवड्यात नवा माणूस सामान घेऊन गावात उतरतो. बाहेर मुसळधार, वीज जाते-येते, ओळखीचं कुणी नाही, ताम्हिणीची वाट बंद होईल का याची चिंता. त्याच्या सगळ्यात एकट्या चार महिन्यांत तुमचा हॉल सगळ्यात रिकामा असतो. हे दोन रिकामेपण एकमेकांना भेटवायचे आहेत. आणि दर तीन वर्षांनी तो जाणार हेही धरून चला. दर जूनला थोडे नवे सदस्य जोडायचेच आहेत.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाणं देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. छोट्या उलाढालीला तिची फी वर्षाला शंभर रुपये आहे. होमस्टेला ती आधीच असेल तर त्यात जेवण-खाण धरलंय का ते तपासा.

जाहिरातीला खर्च नको. मे महिन्याच्या शेवटी एसटी डेपो, रुग्णालय, पंचायत समिती, दोन-तीन बँका आणि शाळांत एक चक्कर मारा आणि नवीन कोण आलं ते शिपाईदादांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं. मग हाताने लिहिलेली चिठ्ठी द्या. मजकूर लांबवू नका. एवढाच पुरे:

"दर बुधवारी संध्याकाळी ६ ते ८. कॅरम, गप्पा, चहा-भजी. महिलांसाठी गुरुवारी ५ ते ६.३०. पहिली वेळ आमच्याकडून. पावसात छत्री नसेल तर फोन करा, न्यायला येतो."